बाजूला काढलेला माल

तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. लहानपणापासून ती एका जागी कधी ठरली नाही म्हणून ताईने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि लग्न झालं, कानामागचे केस पांढरे व्हायला लागले, तरी भिंगरीची भिंगरीच राहिली. नवराही तेच म्हणायचा. तो चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचा. दिवसभर मान खाली घालून काम करून घरी आला की म्हणायचा, "जरा टेक गं. तुला बघूनच मला दम लागतो."

ताईची तऱ्हा अगदी उलटी. ती एकदा बसली की बसली. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवायची, आणि ती बसेपर्यंत पापणीसुद्धा हलू द्यायची नाही. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही. आईवडिलांमागे घर तिने सांभाळलं, आणि भिंगरी नवऱ्यासकट तिथेच राहायला आली. पुढे दुकान बंद पडलं तेव्हा हात रिकामे राहायला नकोत म्हणून ताईने तार आणि मणी आणून कानातली करायला घेतली. शेजारणींनी घेतली, त्यांच्या बहिणींनी मागितली, आणि बघता बघता दोघींचा धंदा उभा राहिला. ताईने करायचं, भिंगरीने बाकी सगळं. म्हणजे प्रत्येक जोड तपासायचा, पुठ्ठ्याच्या कार्डावर लावायचा, टॅग बांधायचा, रंगाप्रमाणे ट्रेमध्ये ठेवायचा, कुठल्या प्रदर्शनाला काय न्यायचं ते ठरवायचं, आणि तिथे उभं राहून विकायचं. कॉलेजात प्रदर्शन असलं की लहान कुड्या जास्त. टाउन हॉलमध्ये असलं की लांब डूल आणि हार. उरलेला माल घरी आला की पुन्हा पुसून आपापल्या ट्रेमध्ये. समोरच्या खोलीतलं एक कपाट फक्त यासाठी होतं, आणि त्याच्या दाराची कडी दिवसातून किती वेळा वाजते यावरून भिंगरीचा मूड कळायचा, असं नवरा म्हणायचा.

हल्ली ती कडी सारखीच वाजत होती.

सुरुवात झाली ती एका गिऱ्हाइकापासून. एक बाई डूल परत घेऊन आली. डुलातली तारेची बारकी कडी उघडी राहिली होती, आणि त्यातून मणी निसटून रस्त्यात कुठेतरी पडला होता. भिंगरीने हसून दुसरा जोड दिला. शेकड्यात एखादा असा निघायचाच. पण घरी आल्यावर नव्या मालाला टॅग लावताना तिच्या हाताला काहीतरी खटकलं. दोन डूल शेजारी धरले तर एक दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत होता. फार नाही, नखाच्या कडेएवढा. तिने तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला. त्यातल्या एका कडीचं तोंड मिटलेलंच नव्हतं. तिसऱ्यात तारेवर पक्कडीचे ओरखडे होते, दोनदा-तीनदा दाबल्यासारखे. ताईच्या कामावर ओरखडा ही कधी न ऐकलेली गोष्ट.

डोळ्यांचं असेल, असं तिला वाटलं. नवऱ्याला गळ घालून तिने ताईचा नंबर तपासून घेतला, नवा चष्मा आणवला. ताईने तो घातला, म्हणाली, "हां, छान दिसतंय," आणि पुढच्या खेपेला निम्मा माल पुन्हा तसाच आला.

मग एका दुपारी भिंगरी काहीतरी शोधत ताईच्या खोलीत शिरली, आणि दारातच थांबली. ताईची पाठ तिच्याकडे होती. ताईने उजवं कोपर टेबलाच्या कडेवर घट्ट रोवलं होतं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, आणि पक्कडीच्या टोकात ती बारकी कडी पकडून श्वास रोखून बसली होती. पक्कडीचं टोक थरथरत होतं. कडी निसटून खाली पडली. ताईने ती शोधली, उचलली, पुन्हा कोपर रोवलं. भिंगरी आल्या पावली मागे फिरली.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. सांगावं तर कसं, आणि न सांगावं तर किती दिवस? ती स्वयंपाकघरात जाई, तिथून गॅलरीत, तिथून कपाटापाशी. कपाट उघडून ट्रे बघे, बंद करी. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डॉक्टरकडे न्यायला हवं."

"नेईन, पण म्हणू काय? तुझा हात गेला म्हणू?"

"हात गेला असं कुणी म्हटलंय?"

"मीच म्हणायचं ना शेवटी, तू थोडाच म्हणणार आहेस," असं म्हणून ती पुन्हा उठली.

तोवर तिने आपली एक पद्धत बसवून टाकली. माल हातात आला की दार लावून घ्यायचं, एकेक जोड उजेडात धरायचा, नखाने कडी चाचपायची. चांगला असेल तो ट्रेमध्ये. नसेल तो बिस्किटांच्या डब्यात. डबा तिच्या स्वतःच्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली. काही जोड तिने स्वतः दुरुस्त करायला घेतले. पण तिच्या हाताला तेवढा धीर कुठला? कड्या आणखीच वाकड्या झाल्या. एक मणी तर पक्कडीखाली फुटला. तेही डब्यात गेले. डबा भरला तेव्हा तिने दुसरा आणला.

आता स्टॉलवर माल कमी पडायला लागला. पण या कामात भिंगरी तयार होती. तिने दोन कार्डांमधलं अंतर वाढवलं, मध्ये आरसे ठेवले, एक वाळकी फांदी आणून तिच्यावर हार लटकवले. मागच्या वर्षीचा न खपलेला माल काढून नव्या कार्डांवर चढवला. शेजारी नेहमी साबणाचा स्टॉल असायचा. तो साबणवाला गमत्या माणूस होता. एकदा सगळं न्याहाळून म्हणाला, "काय हो, हल्ली मांडणी फार मोकळी मोकळी केलीत. दागिने कमी आणि टेबलक्लॉथ जास्त."

"नवी फॅशन आहे," भिंगरी म्हणाली, आणि वेळ मारून नेली.

ताईसमोर मात्र वेळ मारून नेणं सोपं नव्हतं. तिने कधी कुठे काही लिहून ठेवलं नाही, पण हातून गेलेला प्रत्येक नग तिला आठवायचा.

"ती हिरव्या मण्यांची होती ना, पानासारखी. ती कुठे दिसली नाहीत ट्रेमध्ये."

"विकली."

"कधी?"

"मागच्या वेळी. एका मुलीने घेतली."

"आणि तो तांब्याच्या तारेचा हार?"

"तोही."

ताई "बरं" म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. पण ते "बरं" म्हणताना ती एक क्षण भिंगरीकडे बघत राहायची, आणि त्या नजरेसमोरून भिंगरी कपाट उघडायला वळायची. हिला सगळं कळलंय असं वाटायचं. मग वाटायचं, नाही, कळलं असतं तर बोलली असती. ताई मनात ठेवणारी नव्हती. निदान भिंगरीचा तसा समज होता.

टाउन हॉलचं मोठं प्रदर्शन जवळ आलं. आदल्या दिवशी भिंगरी बॅगा भरत होती. ताई मागे येऊन उभी राहिली.

"या वेळी मी पण येते."

भिंगरी ट्रे हातात घेऊनच वळली. ताई कधीच स्टॉलवर येत नसे. तासन् तास उभं राहायचं आणि आपण जीव ओतून केलेली वस्तू लोकांनी मेथीची जुडी निवडावी तशी उलटीपालटी करायची, हे तिला बघवत नसे.

"तुला गर्दी सोसायची नाही," भिंगरी म्हणाली.

"बसून राहीन मागे. स्टूल घे एक."

सकाळी दोघी हॉलवर पोचल्या. भिंगरीने टेबल लावलं, कापड घातलं, फांदी उभी केली, आरसे ठेवले. ताई टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली. कशालाही हात लावला नाही. नुसती बघत गेली आणि मग मागच्या स्टुलावर जाऊन बसली. साबणवाला म्हणाला, "आज खुद्द कारागीर आलेत वाटतं. बसा, बसा. तुमच्या बहिणीला सांगा, उभं राहून राहून पाय झिजतील म्हणावं." ताई हसली, पण डोळे टेबलावरच होते.

गर्दी झाली. भिंगरी आरसा धर, कार्ड काढ, पिशवीत घाल, यात गुंतली. पण पाठीवर ताईची नजर तिला उन्हासारखी जाणवत होती. एका बाईने विचारलं, "यातच जरा लहान नाहीत का?" भिंगरी नाही म्हणणार तोच ताई मागून म्हणाली, "आहेत की. मीच केलीत, परवा परवा."

"ती संपली," भिंगरी मागे न बघता म्हणाली.

दुपारी गर्दी ओसरली. साबणवाला चहा आणायला गेला. ताईने स्टूल पुढे ओढलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तू माल दुसरीकडे विकतेस ना?"

भिंगरीला आधी कळलंच नाही.

"काय?"

"मी केलेलं निम्मं इथे नाही. घरी नाही. तू म्हणतेस विकलं, पण मागच्या प्रदर्शनाहून तू परत आलीस तेव्हा बॅग तशीच जड होती, मीच उचलली होती. मी काही बोलणार नाही. तुमची काही अडचण असेल. फक्त खरं सांग."

भिंगरीने हातातलं कार्ड खाली ठेवलं. चोरीचा आळ. ताईने, आणि तिच्यावर. तिच्या जिभेवर उत्तर आलं, आणि ते तिने गिळलं. कारण खरं सांगायचं तर डब्याचं सांगावं लागणार, आणि डब्याचं सांगायचं तर हाताचं. त्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं. काय होईल? चार दिवस ताई बोलणार नाही.

"हो," ती म्हणाली. "विकते."

"कुठे?"

"एक दुकान आहे. बस स्टँडच्या मागे."

ती मान खाली घालून बोलणी खायला तयार राहिली. पण ताईने स्टूल आणखी जवळ ओढलं. ती म्हणाली, "सगळे घेतले त्यांनी?"

"हो."

"ते परवाचे, राखाडी मण्यांचेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"काही म्हणाले नाहीत?"

"काय म्हणणार?"

"कड्यांबद्दल," ताई म्हणाली. "लांबीबद्दल."

भिंगरीने वर बघितलं. ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे काहीतरी वेगळंच होतं, आणि ते ओळखायला भिंगरीला वेळ लागला, कारण गेल्या कित्येक महिन्यांत तिने ते पाहिलं नव्हतं. ताईला बरं वाटलं होतं.

"नाही," भिंगरी म्हणाली. आता दुसरं काही म्हणताच आलं नसतं. "काही म्हणाले नाहीत."

"म्हणजे चालतात अजून लोकांना," ताई स्वतःशीच म्हणाली. ती उठली, फांदीवरचा एक हार सरळ केला. नंतरची सगळी दुपार ती टेबलापाशीच उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थाला त्याच्या सुनेसाठी कुठले डूल शोभतील ते तिने सांगितलं. साबणवाल्याशी घड्याळांवर गप्पा मारल्या. भिंगरीला मात्र दर पाच मिनिटांनी कुठेतरी जावंसं वाटत होतं. ती दोनदा नळावर जाऊन तोंड धुऊन आली. परत येताना दोन्ही वेळा तिला दुरून ताई हसताना दिसली, आणि दोन्ही वेळा पाऊल पुढे टाकवेना.

आवराआवर झाली. बॅगा उचलून दोघी बाहेर पडल्या. अजून चांगला उजेड होता, वारा सुटला होता. ताई म्हणाली, "बस स्टँडवरूनच जायचंय ना आपल्याला? त्या दुकानात डोकावू. तू चोरून कशाला देतेस, मीच ठरवते त्यांच्याशी. तिकडे चालेल तसं वेगळं करत जाईन. जरा ढोबळ."

"आज नको. बंद असेल."

"एवढ्या लवकर?"

"मालक गावाला गेलाय."

"मग दुकान तर बघू. बाहेरून."

थाप अंगाशी आली होती. स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर भिंगरी वाट्टेल ते बोलत राहिली, वाऱ्याबद्दल, बॅगेच्या तुटक्या पट्ट्याबद्दल, साबणवाल्याच्या नव्या बोर्डाबद्दल. ताई भराभर चालत होती. इतकी भराभर ती कधी चालत नसे. स्टँडच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. गल्लीत एक टायरवाला होता, एक झेरॉक्सचं दुकान आणि एक बंद शटर.

"कुठलं?" ताईने विचारलं.

भिंगरीने बॅगा खाली ठेवल्या.

"दुकान नाहीये, ताई."

"म्हणजे?"

"मी कुठे विकलं नाही. सगळं घरी आहे. माझ्या कपाटात. डब्यात घालून ठेवलंय."

"सगळं?"

"सगळं."

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. मग म्हणाली, "बॅगा उचल. बस निघेल."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ताईने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले होते. भिंगरीने खिडकीतून बाहेर बघायचं ठरवलं होतं, पण नजर त्या हातांवरच जात होती. हात स्थिर होते. निवांत असले की ते स्थिरच असायचे, हेही तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरात शिरल्या शिरल्या ताई म्हणाली, "आण ते डबे."

भिंगरीने आणले. ताईने टेबलावर कापड अंथरलं, दोन्ही डबे त्यावर उपडे केले आणि दिवा खाली ओढला. मग एकेक जोड उचलून बघायला लागली. घड्याळ उघडून बघायची तसंच. सुधारता येतील ते ती डावीकडे ठेवत होती, मोडायचे ते उजवीकडे. नवरा दारातून डोकावला आणि दोघींचे चेहरे बघून चहा करायला निघून गेला.

मध्येच ताईने एक डूल उचलला आणि थांबली. "हे माझं नाही."

"दुरुस्त करत होते," भिंगरी म्हणाली.

"हे दुरुस्त? हे तर ट्रकखाली आल्यासारखं दिसतंय."

भिंगरीला हसू आलं, आणि त्याच दमात डोळे भरले. ताई मात्र हसली नाही. तिने डूल खाली ठेवला, आणि तिचा आवाज चढला. ती सहसा आवाज चढवत नसे.

"इतके महिने मला वाटत होतं, माझी बहीण माझ्याच घरात हात मारते. रोज तुझ्या हातचं जेवत होते आणि रोज मनात तेच. तुला काय वाटतं, सोपं होतं ते? तू सांगितलं असतंस तर एकदाच काय ते रडले असते."

"आणि तू का नाही सांगितलंस?" भिंगरीही आता पेटली. "तुला माहीत होतं ना? मनगट धरून बसायचीस, मी बघितलंय. मग मला कशाला लपवायला लावलंस?"

ताईने दिवा थोडा वर सरकवला.

"तू टॅग लावत होतीस," ती म्हणाली. "प्रत्येक नग तुझ्या हाताखालून जायचा. मला वाटलं, तुला दिसत नाही म्हणजे तितकं वाईट नसेल. मी तुझ्याच भरवशावर होते."

भिंगरी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, खुर्ची ओढून ताईसमोर बसली. नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच तिला टेक असं म्हटलं नाही.

डॉक्टरकडे गेली तेव्हा तिघंही गेली. डॉक्टरीणबाई मोकळं बोलणाऱ्या होत्या. हा कंप हळूहळू वाढणारा आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, पूर्वीसारखा हात होईल असं मी सांगणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सकाळी हात त्यातल्या त्यात बरा असतो, तेव्हा काम करा, दमलात की थांबा. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "थांबा म्हणे," आणि रस्ता ओलांडायला लागली.

बारीक तारेची कामं तिने कमी केली. डब्यांतला उजवीकडचा ढीग सोडवून मणी पुन्हा बरण्यांत भरले. जाड दोऱ्यात मोठे मणी ओवून हार करायला घेतले. त्यात तिचं मन फारसं रमत नव्हतं, आणि ते ती लपवतही नव्हती. पुढच्या प्रदर्शनाला त्यांनी अर्धंच टेबल घेतलं. उरलेल्या अर्ध्यावर साबणवाला पसरला आणि दिवसभर सांगत राहिला की आता तुमच्या दागिन्यांना वास चांगला येईल. माल थोडा होता, तो आटोपशीर मांडला. फांदी आणि आरसे भिंगरीने घरीच ठेवले.

पण रोज सकाळी तासभर ताई अजूनही बारीक कामाला बसते. कुणी काही म्हणत नाही. तासाभरात एखादा जोड होतो, कधी होतही नाही. झाला की ती भिंगरीला हाक मारते. पहिल्या दिवशी भिंगरी तो घेऊन सवयीने आपल्या खोलीकडे निघाली, तर ताई म्हणाली, "कुठे चाललीस? इथेच बघ. माझ्यासमोर."

भिंगरी उभी राहिली. डूल उजेडात धरले. लांबी सारखी होती. नखाने कड्या चाचपल्या. पहिली मिटलेली होती. दुसरीच्या तोंडात नख अडकलं.

ताई तिच्या तोंडाकडे बघत होती. भिंगरीचे पाय आतल्या आत चुळबुळत होते. कपाटापाशी जाऊन यावं, पाणी पिऊन यावं, काहीही करावं, असं तिला वाटत होतं.

"बाद," ती म्हणाली.

"कुठली?"

"डावीकडची. वरची कडी."

ताईने हात पुढे केला, डूल परत घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि पक्कड उचलली. "बस तिथे," ती म्हणाली. "उजेडाच्या आड येऊ नकोस."